फाट्यावरचं सोंग

दिपमालाचे पाय स्वस्थ बसलेले आजवर कोणी पाहिले नाहीत. शिलाई मशीनवर बसून बसून तसं झालं असेल म्हणावं, तर तिची आई सांगायची की ही पोटात होती तेव्हाही हेच. जेवताना पाय हलतो, टीव्ही बघताना हलतो, सत्यनारायणाच्या कथेतसुद्धा हलतो. शेजारी बसलेल्या बाईला वाटतं आपण सतरंजीवर नाही, एसटीच्या मागच्या सीटवर बसलोय.

माहेर तिचं जामनेरकडचं, केळीबागांतलं. तिथल्या गारव्यातून उचलून तिला आणून ठेवली अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या एका गावात, कपाशीच्या उन्हात. गावाचं नाव कशाला विचारता? फाट्यावर उतरायचं आणि आत चालत यायचं, असली गावं त्या रस्त्याला पुष्कळ आहेत. नवी आली तेव्हा तिची बोली ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिने काय केलं? महिन्याभरात त्या बायकांच्याच नकला करायला लागली. हसणाऱ्यांची हसायची सोय झाली, आणि हिची बसायची.

आणि आखाजीला तर बघूच नका. तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता, आमच्याकडे ती आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. रात्री बायका पुरुषांची सोंगं घेतात, आणि तिथे पुरुषांना मज्जाव. दिपमालाने सासरच्या पहिल्याच आखाजीला कोणाचं सोंग घ्यावं? सख्ख्या सासऱ्याचं! उखर्डूआबांचं धोतर, आबांची काठी, आबांचं ते बोलण्याआधी तीनदा खाकरणं. बायका हसून हसून लोळल्या. शेजारची भिकुबाईअक्का तर म्हणाली, "बस कर वं माय, मन्ही कूस फाटनी." सकाळी आबांच्या कानावर गेलंच, त्यांनी सुनेला हाक मारली. दिपमाला पदर सावरत पुढे आली. आबा तीनदा खाकरले आणि म्हणाले, "मी खाकरस ते तू करं. पन मी खाकरतांना डोकं खाजाडस, ते नही करं. पुढला साले ध्यान ठेव." तेव्हापासून सासरा आणि सून यांचं असं गूळपीठ, की घरात कुंदनच पाहुणा वाटायचा.

कुंदन म्हणजे दिपमालाचा नवरा. ग्रामपंचायतीचा सदस्य. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्या पेनाने तो फक्त कान खाजवतो, असं दिपमाला म्हणते. माणूस वाईट नाही हो. मुलगी शुद्ध बोलली पाहिजे म्हणून घरात बायकोशी आणि मुलीशी पुस्तकातलं मराठी बोलणारा माणूस. ऋतिका बारावी झाली तेव्हा ह्यानेच तिला धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात घातलं. सगळ्या गावाला पेढे वाटले. मग एका वर्षात असं काय झालं, की तोच कुंदन म्हणायला लागला, "जूनपासून घरी. बाहेरून परीक्षा दे"?

झालं ते असं. होळीच्या सुमाराला ऋतिका कॉलेजातून आली ती तापाने फणफणूनच. कंबर धरून बसली, उठेना. धुळ्याला दवाखान्यात ठेवावी लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी पीत नाहीस का गं तू?" ऋतिकाने मान खाली घातली. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलंय म्हणाल्या, पुन्हा असं केलंस तर पोरी जन्माची दुखणेकरी होशील.

कुंदनने ऐकलं ते एवढंच, की कॉलेजला जाऊन पोरगी आजारी पडली. दिपमालाने ऐकलं ते वेगळं. तिला फाटा माहीत होता.

फाट्यावर काय आहे? चहाची टपरी आहे, पंक्चरवाला आहे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बोर्ड आहेत. एसटी येईल तेव्हा येते. पुरुषमाणसाला काय, पाठ फिरवली की झालं. बाईने काय करायचं? कपाशी उभी असते तोवर तिच्या आडोशाने भागतं. एकदा पऱ्हाटी उपटली की चहूकडे मोकळं रान, नजर टाकावी तिथवर ढेकळं. आधी बाभळी तरी होत्या, रस्ता रुंद झाला त्यात त्याही गेल्या. म्हणून पोरी सकाळी उठल्यापासून थेंब पीत नाहीत. उन्हाळ्यात ओठाला साल निघते, तरी नाही. आणि अगदीच कुणावर वेळ आली, तर बाकीच्या बायका साडी धरून गोल करतात, तोंड बाहेर, पाठ आत, आणि एकजण मोठ्याने गाणं म्हणते, आवाज जाऊ नये म्हणून. हे गावात सगळ्या बायकांना माहीत. पुरुषांतल्या एकालाही नाही. किंवा माहीत असेल, पण तसं दाखवत नाहीत.

"फाट्यावर संडास बांधा की मग," दिपमाला म्हणाली.

"पंचायतीच्या कामाचं ठरलंय," कुंदन म्हणाला. "कमान."

"कसली कमान?"

"स्वागताची. फाट्यावर. आजोबांच्या नावाने. कै. चुडामण पाटील प्रवेशद्वार." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असं तेज, जणू आजोबा स्वतः वरून फुलं टाकत होते. फ्लेक्ससुद्धा छापून आला होता: कमानीचं रंगीत चित्र, कोपऱ्यात फेट्यातले चुडामण पाटील, आणि खाली सदस्य म्हणून कुंदनचा हसरा फोटो.

"म्हणजे तुमच्या आजोबांच्या कमानीखाली तुमची पोरगी ओठ चावत उभी राहणार," दिपमाला म्हणाली. "छान दिसेल."

कुंदनने पेनाने कान खाजवला. "म्हणूनच तर म्हणतो, उभं राहायलाच नको. घरी राहा."

पंधरा दिवस घरात नुसती धुसफूस. दिपमालाच्या मशीनवर ब्लाउजच्या बाह्या उलट्या लागायला लागल्या. रात्री अंथरुणातही तिचा पाय हलायचा. ऋतिका पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायचीच नाही. जून म्हणजे काय लांब होता?

एके दुपारी मायलेकी कुरडयांचा चीक शिजवत होत्या. भिकुबाईअक्का मदतीला, म्हणजे चीक खायला, येऊन बसली होती. ऋतिका सहज सांगायला लागली. कॉलेजात पुण्याहून एक ताई आली होती. तिने मुलींना मैदानात उभं केलं. बोलायचं नाही, हसायचं नाही, नुसतं उभं राहायचं, मनात एक गोष्ट धरून.

"मंग?" अक्काने विचारलं.

"मग काय, अक्का. आधी पोरं हसली. मग हळूहळू थांबून बघायला लागली. मग हसायची बंद झाली. ताई म्हणाली, आपण ओरडलो की लोक कान बंद करतात. गप्प राहिलो की त्यांना आपल्याच मनातलं ऐकू येतं. हीसुद्धा एक कलाच, याला परफॉर्मन्स म्हणतात."

दिपमाला चिकाच्या पातेल्यात उलथणं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "नुसतं उभं राहायचं, याला कला म्हणतात? मग आम्ही बाया फाट्यावर रोज कलाच करतो की! फक्त आमच्याकडे थांबून कोणी बघत नाही. बघतात ते नको त्या वेळी."

सगळ्या हसल्या. दिपमाला हसता हसता मध्येच थांबली. उलथणं हातात तसंच. चीक खाली लागला, वास सुटला, तरी तिचं लक्ष नाही.

"काय व्हयनं वं?" अक्का म्हणाली.

"अक्का, आखाजीची कर कधी आहे?"

त्या वर्षी आखाजी आली तीस एप्रिलला. दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे एक मे. आणि एक मेला झेंडावंदन झालं की ग्रामसभा. कमानीचा ठराव त्याच सभेत. आता आमच्याकडची रीत ऐका. आखाजीला पितरांसाठी नवी घागर भरतात, वर छोटं मडकं ठेवतात, त्याच्यावर आंबा. त्या घागरीचं पाणी कोणी पुढे केलं तर नाही म्हणायचं नसतं. पितरांच्या नावाचं पाणी ते. करीच्या दिवसापर्यंत ते चालतं. आणि गौराई पाण्यात सोडेपर्यंत बायकांच्या सोंगाला कोणी रागवायचं नसतं, हीही रीतच. या दोन रिती आणि ग्रामसभा एका दिवशी आल्या, हे पंचायतीतल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. कॅलेंडर भिंतीवर बायकाच लावतात ना.

बेत साधा होता. सभेत बायकांनी जायचं. पाणी वाटायचं, भरपूर. मग ऑफिसच्या मागची भिंत, डेअरीचा कोपरा, तालमीचा बोळ, जिथे जिथे पुरुष उठून जातात तिथे तिथे जाऊन शांत बसायचं. कोणाला अडवायचं नाही. एकदा बसलं की एक शब्द बोलायचा नाही. कमानीऐवजी संडासाचा ठराव होईपर्यंत जागचं हलायचं नाही. बस.

"बोलानं नही?" अक्काने डोळे मोठे केले. "मंग माले मारीच टाका ना!"

"अक्का, तू पान खा. तोंड भरलेलं राहील."

"आणि मम्मी, तू कुठे बसणार?"

"मी नाही बसणार," दिपमाला म्हणाली. "मी सोंग घेणार."

करीच्या सकाळी झेंडावंदन झालं, लहान मुलं बिस्किटं घेऊन पांगली, आणि ऑफिससमोरच्या मांडवात सभा बसली. सरपंच लीलाधरनाना मधल्या खुर्चीत. शेजारी झुलालभाऊ, ज्यांचं पोट त्यांच्या आधी सभेत पोचतं. एका टोकाला कुंदन. ग्रामसेवक योगराज कागद घेऊन टेबलाशी. मागे दोऱ्यांनी बांधलेला तो फ्लेक्स. पुरुष भरपूर. बायका म्हणजे एरवी दोन, सह्या करून पळणाऱ्या.

त्या दिवशी बायकांची रांगच आली. डोक्यावर घागरी, हातात पेले, ताटात सांजोऱ्या. नाना खूष. "वा वा! महिला भगिनींचं स्वागत आहे," म्हणाले. त्यांना वाटलं आता पेपरात फोटो येईल.

सगळ्यात शेवटी दिपमाला आली. बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. धोतर नाही, मिशी नाही, फेटा नाही. रोजची मोतिया रंगाची साडी, खांद्याला ऋतिकाची कॉलेजची बॅग, पायात स्लीपर. एवढ्या वर्षांत हिने गावातल्या प्रत्येक माणसाचं सोंग घेतलं होतं. आज घेतलं ते स्वतःचं. मांडवाच्या तोंडाशी ती उभी राहिली, घागरीतल्या पाण्याचा मोठा तांब्या उभ्या उभ्या सगळ्यांदेखत पिऊन रिकामा केला, आणि रस्त्याकडे बघायला लागली. एसटीची वाट बघणारी बाई. बस, एवढंच.

"वहिनी, बसा ना," योगराज म्हणाला.

"करना दिन शे, सोंग व्हई काही," नाना हसून म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

पाणी फिरलं. "नाना, तुमच्या वडिलांच्या नावाचं." नानांनी प्यायलं. "नाना, आजोबांच्या नावाचं." तेही. झुलालभाऊंना तर त्यांच्या मेलेल्या बैलाच्या नावाचंही पाजलं. नाही म्हणतील कसे? वरून ऊन आग ओकत होतं, सांजोऱ्या गोड होत्या, पाणी वाळ्याचं होतं. माणसं मागून मागून पीत होती. मग पेले थांबले आणि बायका एकेक करून उठून गेल्या. भिंतीकडे, कोपऱ्याकडे, बोळाकडे. मांडीवर हात ठेवून शांत बसल्या, समोर बघत.

दिपमालाचं सगळं ठरवल्यासारखं चाललं होतं. एक सोडून.

तिने ऋतिकाला बजावलं होतं की आबांना घरीच थांबव. आबांचं वय झालेलं, लघवीचं औषध चालू, दर थोड्या वेळाने उठावं लागायचं. पण बापाच्या नावाची कमान होतेय म्हटल्यावर आबा घरी थांबतात होय? घराच्या दुसऱ्या दाराने काठी टेकत आले, मागोमाग धावत ऋतिका, आणि आबा पहिल्या रांगेत बसले. आणि गावातलं सगळ्यात वडील माणूस, म्हणून प्रत्येक बाईने पहिला पेला आबांच्याच हातात दिला. आबाही असे भाविक, की पेला दोन्ही हातांनी कपाळाला लावायचा, त्या त्या घरच्या मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचं.

दिपमाला समोरून बघत होती. ओरडावंसं वाटत होतं, अगं त्यांना नको देऊ! पण सोंगात बोलायचं नाही हा नियम घातला कोणी? हिनेच. तिने डोळ्याने खुणा केल्या. बायकांना वाटलं, सोंगच आहे. एकीने तर तिच्या डोळ्यांची हालचाल बघून आबांना आणखी एक पेला दिला.

कुंदन कमानीवर बोलत होता. उंची किती, रंग कुठला, दिवे कसे. नाना आधी एका मांडीवर कलले, मग दुसऱ्या. मग "आलोच" म्हणून उठले, ऑफिसमागे गेले आणि गेले तसेच परत आले. खुर्चीत बसताना त्यांचा चेहरा जांभळा झाला होता. झुलालभाऊ डेअरीकडे गेले. परत आले. योगराज तालमीकडे गेला. तो तरुण, जरा जोरात परत आला. कोणी कोणाला काही सांगेना. सांगणार काय? तिथे बाया बसल्यात म्हणायचं? मग बाया विचारणार, मग आम्ही कुठे बसतो? मांडवात नुसती चुळबुळ. खुर्च्या करकरत होत्या. चपला घासत होत्या. कुंदनचं भाषण अडखळायला लागलं, कारण त्यानेही पितरांचं पाणी काही कमी प्यायलेलं नव्हतं.

आणि ज्या बाईचे पाय आयुष्यात कधी थांबले नाहीत, ती खांबासारखी उभी. स्लीपरमधला अंगठासुद्धा हलत नव्हता. बॅगेच्या पट्ट्याने खांद्यावर वळ उठला होता. तिच्या पोटातल्या त्या तांब्याभर पाण्याचा आता दगड झाला होता. तिला वाटलं, पोरगी रोज हे करते. रोज. आणि घरी येऊन मला म्हणते, "मम्मी, काही नाही गं, थकलेय."

तेवढ्यात आबा उठले.

काठी टेकत ते भिंतीकडे निघाले. तिथे बायका. त्यांत त्यांच्या पुतणसुना, नाती. आबा थबकले. वळले. डेअरीकडे गेले. तिथे भिकुबाईअक्का पानाने गाल फुगवून बसलेली. आबा पुन्हा वळले. आता त्यांची पावलं बारीक पडायला लागली. उन्हात मधोमध उभे राहिले आणि कुठे जावं ते त्यांना कळेना. धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरला आणि सुनेकडे बघितलं.

दिपमालाने बॅग फेकली.

तिने टेबलामागचा तो फ्लेक्स एका हिसक्यात ओढला, दोऱ्या तटातट तुटल्या. कुंदन "अगं, अगं!" म्हणेपर्यंत ती आबांपाशी पोचलीही. कोणाला हाक मारावी लागली नाही. भिंतीच्या बायका उठल्या, बोळातल्या उठल्या. फ्लेक्सचा एक कोपरा एकीने धरला, दुसरा दुसरीने, उरलेल्या बाजूला दोघींनी पदर धरले. तोंडं बाहेर, पाठी आत. अक्काने पान थुंकलं आणि खड्या आवाजात गौराईचं गाणं उचललं, सगळ्यांनी धरलं. असं पटकन, असं सवयीने, की मांडवातले पुरुष तोंड उघडं ठेवून बघत राहिले. बाहेरच्या बाजूला फ्लेक्सवर कमान, फेट्यातले चुडामण पाटील, आणि कुंदनचा हसरा फोटो.

गाणं लांबलं. कोणी घाई केली नाही.

आबा बाहेर आले. ऋतिकाने घागरीतल्या पाण्याने त्यांचे हात धुवून दिले. आबा खुर्चीत बसले. तीनदा खाकरले, पण कोणी हसलं नाही.

"हाई कोठे शिकन्यात तुम्ही?" त्यांनी विचारलं. "असा आडोसा करानं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बोलायचं नव्हतं ना. ऋतिका म्हणाली, "फाट्यावर, आबा."

"कोनासाठे?"

"आमच्यासाठीच. एकमेकींसाठी."

आबांनी नातीकडे बघितलं. दवाखान्यात ती होती तेव्हा तेच रात्रंदिवस उशाशी बसले होते. कशाने आजारी पडली, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बायकांचं दुखणं म्हातार्‍याला कोण सांगतं? आता त्यांचं त्यांना कळलं.

"कुंदन," ते म्हणाले, "कमान नको. फाट्यावर बायास्ले संडास बांध. आनि मन्हा बापनं नाव त्यावर टाक."

मांडवातल्या सगळ्या माना कुंदनकडे वळल्या.

"आबा!" कुंदनचं पुस्तकातलं मराठी पळालं. "बापनं नाव संडासवर? लोके काय म्हनतीन?"

"काय म्हनतीन? जाई येतीन, नि म्हनतीन, बरं व्हयनं."

बायकांमधून फिस्सकन हसू फुटलं. झुलालभाऊही हसले आणि लगेच पोट धरून गप्प झाले, त्यांना हसणं परवडण्यासारखं नव्हतं.

"आबा, इज्जत शे आपली गावमा," कुंदन काकुळतीला आला.

आबा उठून उभे राहिले. "मन्हं नाव उखर्डू काब्रं शे, ठाऊक शे ना तुले? मन्हा आगोदरना तीन पोरे जलमनात नि गयात. मंग मी जलमनू, तव्हय मन्हा बापनी माले उचलं नि गावना उकिरडावर नेई ठेयं. बठ्ठा गावसमोर. उकिरडावरलं पोर म्हनीसन तरी मरन माले सोडी दी, नि मी जगसू." ते धाप लागून थांबले. "पाटील व्हता तो, फेटावाला. लेकरू जगाले पाहिजे म्हनीसन त्याले उकिरडानी लाज नही वाटनी. संडासनी वाटी? मन्ही नात मराले लागनी व्हती, कुंदन."

कुंदनने खिशातलं पेन काढलं. कानाकडे नेलं नाही. नुसतं हातात धरून बसला.

लीलाधरनाना मात्र ताडकन उठले. इतक्या तातडीने कुठला सरपंच कधी उठला नसेल. "ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा!" सगळे हात वर. "लिही रे योगराज, मंजूर! सभा संपली!" आणि नाना भिंतीकडे धावले. बायका हसत बाजूला झाल्या.

दिपमालासुद्धा थांबली नाही. तिच्या पोटातही तांब्याभर पाणी होतं, हे सगळे विसरले होते. साडी वर खोचून ती घराकडे जी पळाली, ती बघून अक्का म्हणाली, "हाई खरं सोंग! हाई कोनले जमाव नही!"

संध्याकाळी गौराई पाण्यात सोडून बायका परतल्या. कुंदन ओट्यावर बसला होता. दिपमाला समोरून गेली तसा म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. चीक शिजवायच्याही आधी."

"असं नव्हतं सांगितलं."

"कसं सांगायचं होतं? पेनाने?"

त्याने पेन खिशातून काढून ओट्यावर ठेवलं. मग विचारलं, "कडी आतून असते ना त्याला?" दिपमाला हसू दाबत उंबऱ्यातच बसली आणि सांगायला लागली. कडी आतून, पक्की. बॅग अडकवायला खुंटी. खिडकी उंच. पाणी आतल्या आत. दिवा. तो ऐकत होता आणि मधूनच मान वळवून दुसरीकडे बघत होता. बायकोने सांगितलेलं काही ऐकताना लाज वाटावी, असं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं.

ठराव झाला म्हणून संडास झाला, असं समजू नका. मे गेला. खड्डा खणला आणि काम तिथेच राहिलं. वाळू नाही, मग गवंडी नाही, मग गवंड्याच्या साल्याचं लग्न. कॉलेज उघडायची तारीख आली. कुंदन हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पहिल्या दिवशी ऋतिका तयार होऊन दारात आली, आबांनी तिच्या हातात पाण्याने भरलेली बाटली दिली आणि म्हणाले, "पी. बठ्ठं पी."

दिपमाला तिच्याबरोबर फाट्यावर गेली. तो फाटका फ्लेक्स आणि दोन काठ्या घेऊन. पोरींचं सगळं नीट झालं, एसटी आली, ऋतिका चढली, खिडकीतून हात केला. दिपमाला मात्र परत आली नाही. खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली. बोलली नाही, हलली नाही, नुसती खड्ड्यात बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी बरोबर भिकुबाईअक्का, आणखी दोघी. चहाच्या टपरीवरचे लोक आधी हसले. मग चहाचा पेला हातात धरून बघायला लागले. मग एकेकजण उठून टपरीमागे जाताना खड्ड्याकडे मान वळवून बघायला लागला, आणि टपरीमागे न जाता परत येऊन बसायला लागला.

शेवटी गवंडी आला. आला, पण दोन थर रचतो न रचतो तोच मोटारसायकलवरून गावात कुंदनकडे.

"भाऊ, वहिनीस्ले समजाडा ना!" तो हात जोडून म्हणाला. "सकाळपासून काठावर उभ्या आहेत. काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. माझी थापी वाकडी पडतेय. त्यांना म्हणा, शिव्या द्या, कामचोर म्हणा, पण काहीतरी बोला!"

कुंदनने शर्टाच्या बाह्या वर सारल्या, कोपऱ्यातलं घमेलं उचललं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसला.

"चल," तो म्हणाला. "छत झालं की बोलेल. मग 'आता थांबवा' म्हणायची पाळी तुझ्यावर येईल."